माथेरानचे ७३८ क्रमांकाचे इंजिन तीव्र वळणे कशी घेत असे?

प्रश्न: नेरळ येथे जतन केलेल्या ७३८ क्रमांकाच्या वाफेच्या इंजिनाचे तिन्ही आस (अ‍ॅक्सल) दांड्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत. असे असताना ते माथेरानच्या घाटातील वळणांवरून रूळ न सोडता कसे जात असे? त्याची भावंडे आज कोठे आहेत?

उत्तर १: सारी करामत आसांत आहे. जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीच्या या इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस बसवले होते. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या आसाभोवती एक पोकळ नळी असून चाके त्या नळीवर बसवलेली असतात, आणि आतला भरीव आस चौकटीत सरळच फिरत राहिला, तरी मधल्या गोलाकार सांध्यामुळे नळी चाकांसह थोडी तिरकी होऊ शकते. दांड्या आतल्या आसाला जोडलेल्या असल्यामुळे त्यांना वळणाचा पत्ताच लागत नाही. दोन फूट अंतरावरचे रूळ, वीसास एक इतका चढ आणि ही तीव्र वळणे पाहता साध्या आसांचे इंजिन येथे टिकले नसते. आराखड्यात बार्शी लाइट रेल्वेचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सहभाग होता.

उत्तर २: आदमजी पीरभॉय घराण्याने उभारलेला हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. भावंडांपैकी ७४१ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, तर ७४० इंग्लंडला गेले. डिझेल इंजिने १९५० च्या दशकात आली, तरी वाफेची इंजिने पुढेही धावत राहिली.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. इंजिनाशेजारी त्या आसाचा उभा छेद दाखवणारी प्रतिकृती ठेवायला हवी. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.