भाषेच्या वर्गातील निरुत्साह कशामुळे?

प्रश्न: माझे काही विद्यार्थी लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवतात, पण बोलण्याची वेळ आली की वहीत डोके खुपसून बसतात, हा आळस समजावा का?

उत्तर: आळस म्हणण्याची घाई करू नये. वाक्य पूर्ण होण्याआधीच आपण चूक दुरुस्त करता का? चारचौघांत हसे होईल या धास्तीने विद्यार्थी गप्प राहतो आणि आपण त्यालाच अनास्था समजतो.

दुसरे उत्तर: गार्डनर आणि लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली, कॅनडातील माँट्रियलमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून, त्या भाषकांशी जवळीक साधण्याची ओढ आणि निव्वळ व्यावहारिक हेतू असा भेद मांडला. आपल्या विद्यार्थ्यांपाशी, परीक्षा वगळता, यांपैकी काय आहे?

प्रश्नकर्ता: वाक्य मी मध्येच तोडतो, हे खरे आहे.