बी.कॉम.नंतरचा उन्हाळा : नोकरी बेळगावातच शोधावी की पुण्याला निघावे?

प्रश्न : शहापूरचा विद्यार्थी

मी बी.कॉम.च्या सहाव्या सत्राची परीक्षा दिली असून निकालाची वाट पाहत आहे. आमचे घर बेळगावच्या शहापुरात आहे. वडील यंत्रमागावर साड्या विणतात आणि धंदा मंदावला असल्याने घरात माझ्या पगाराची गरज आहे, हे कोणी बोलून दाखवत नसले तरी मला कळते. शिक्षण मराठी माध्यमात झाले असले तरी कन्नड बोलता येते, सावकाश वाचताही येते. मात्र कन्नडमध्ये अर्ज लिहायची वेळ आली की हात अडखळतो. टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीचा वर्ग पूर्ण केला आहे.

परीक्षा संपल्यापासून नोकरीच्या संकेतस्थळांवर अर्ज करतो आहे. बहुतेक ठिकाणांहून उत्तर येत नाही. एका मध्यस्थाने फोन केला खरा, पण मुलाखतीआधीच ‘नोंदणी शुल्क’ मागितले, म्हणून मी तो नाद सोडला. मावसभाऊ म्हणतो की बेळगावात पगार वाढत नाही, सरळ पुण्याला ये. आईला वाटते की पहिले एखादे वर्ष तरी घरी राहून काम करावे.

याला जोडूनच दुसरी अडचण आहे. बाहेरगावी शिकणारे माझे शाळासोबती सुट्टीला घरी आले आहेत. संध्याकाळी ते व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जमतात, रविवारी सकाळी राजहंसगडावर जातात. मी काही ना काही निमित्त काढून टाळतो, कारण भेटताक्षणी ‘तुझं काय ठरलं?’ असे विचारले जाते आणि सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नसते. शिवाय हाताला काम नसताना पोरगा हिंडतो असे गल्लीत दिसणे वडिलांना आवडणार नाही, असेही वाटते. या उन्हाळ्यात नेमके काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : उद्यमबागेतील लेखापाल

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे आणि होनगा या औद्योगिक वसाहतींतील लहान-मध्यम कारखान्यांना हिशेबाच्या कामासाठी माणसे लागतात, पण त्या जागा संकेतस्थळावर सहसा दिसत नाहीत. जागा रिकामी झाली की मालक प्रथम आपल्या सी.ए.ला विचारतो, मग माल पुरवणाऱ्याला आणि नंतर कारखान्यातल्याच कामगारांना, की तुमच्या ओळखीत कोणी आहे का. जाहिरातीची पाळी क्वचितच येते. म्हणून अर्ज पाठवणे चालू ठेवा, पण त्यावर विसंबून घरी बसू नका. एका पानाचा बायोडेटा छापून स्वतः कारखान्यांत जा.

जाण्याची वेळही पाहावी लागते. महिन्याच्या ७ तारखेपर्यंत टीडीएस (देणी देताना कापलेला प्राप्तिकर) भरायचा असतो, मासिक जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत विक्रीचे जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत करभरणा दाखवणारे जीएसटीआर-३बी द्यावे लागते. त्या दिवसांत हिशेबाच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या अनोळखी मुलाशी बोलायला कोणालाही सवड नसते. २१ तारखेनंतर सकाळी गेलात तर दोन शब्द ऐकून घेणारा माणूस भेटेल. सी.ए. आणि कर सल्लागारांच्या कार्यालयांतही चौकशी करा. पगारदारांच्या प्राप्तिकर विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ जुलै असल्याने उन्हाळ्यात त्यांना हंगामी मदतनीस हवे असतात, आणि तेथे दोन-तीन महिन्यांत जे शिकायला मिळते ते वर्गात मिळत नाही.

आता कामाविषयी. आपल्याकडे ओतकाम एका फौंड्रीत होते, यंत्रणकाम दुसऱ्या शेडमध्ये आणि प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, तिसरीकडे. मालकी न बदलता माल फिरत राहतो आणि त्याच्याबरोबर जॉबवर्कचे, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून देण्याचे, चलन (माल पाठवल्याचा कागद) फिरते. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला नाही, तर कायद्याने तो पाठवला त्या दिवशीच विकला असे धरले जाते आणि कर व्याजासह अंगावर येतो. म्हणून नवीन मुलाला मी टॅलीची बटणे विचारत नाही. त्याच्यापुढे चलनांचा एक गठ्ठा ठेवतो : शंभर कास्टिंग (ओतीव भाग) गेली, ब्याण्णव तयार होऊन आली, तीन नापास म्हणून परत आली, मग उरलेली पाच कोठे आहेत? जो मुलगा कागद उलटसुलट पाहून ‘साहेब, या चलनावर दुसऱ्या शेडचा शिक्का आहे’ असे म्हणतो, त्याला मी ठेवून घेतो. हे काम कमी प्रतीचे मुळीच नाही. ज्याने वर्षभर अशा कारखान्याचा साठा आणि चलने जुळवली, तो पुण्यात कोणत्याही उत्पादन कंपनीच्या मुलाखतीला निर्धास्त बसू शकतो, आणि म्हणूनच पहिले वर्ष येथे काढण्याच्या बाजूने माझे मत आहे.

कन्नडविषयी स्पष्टच लिहितो. बिले आणि चलने इंग्रजीत असतात, त्यामुळे नोकरी अडणार नाही. परंतु महानगरपालिकेची नोटीस किंवा हेस्कॉम या वीज कंपनीचे पत्र आले की ते वाचून लगेच उत्तर लिहिणाऱ्याकडे मालक विश्वासाने कामे सोपवतो. बोलता येत असेल तर अर्धी वाट चाललेलीच आहे. रोज एक छोटा अर्ज कन्नडमध्ये लिहून काढा आणि शेजारच्या कोणाकडून तपासून घ्या.

उत्तर : शिनोळीला ये-जा करणारी ताई

वरील काकांच्या उत्तरात थोडी भर घालते. बेळगाव की पुणे, एवढेच दोन पर्याय समजू नका. वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडले की शिनोळीची औद्योगिक वसाहत लागते आणि ती चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. मी तेथेच हिशेब पाहते आणि रोज घरी परतते. आमच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ ने होते, उद्यमबागेतल्या ग्राहकाची २९ ने. त्यामुळे काही किलोमीटरवर पाठवलेल्या मालालाही आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी लावावा लागतो. असे व्यवहार हाताळण्याची सवय सीमेवरच्या माणसाला लवकर होते. निपाणीकडची मुले याचप्रमाणे कागलच्या वसाहतीत जातात.

सरकारी बाजूही पाहून ठेवा. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी तेथे १५ वर्षे वास्तव्य असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. जाहिरात आल्यावर तो मिळवण्याची धावपळ करण्यापेक्षा निकालाची वाट पाहण्याच्या या दिवसांत कागद गोळा करा. बँकांच्या लिपिक भरतीत ज्या राज्यासाठी अर्ज करू त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता, बोलता यावी लागते. महाराष्ट्र निवडल्यास तुमची मराठी तुमच्या कामी येईल. केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत वाणिज्य पदवीधरही बसतात. विद्यावेतन थोडे असते, पण अनुभवाचे प्रमाणपत्र मिळते. आणि मुलाखतीआधी पैसे मागणाऱ्याला तुम्ही दिले नाहीत, हे अगदी योग्य झाले.

प्रश्नकर्ता : शहापूरचा विद्यार्थी

काका, ताई, मनापासून आभार. दाखल्याची चौकशी उद्याच करतो. एक विचारायचे राहिले : गल्लीतल्या मंडळाच्या शिवजयंतीचा जमाखर्च गेली काही वर्षे मी लिहितो. वर्गणीच्या पावत्या, चित्ररथाचा खर्च, मंडप आणि ध्वनिक्षेपकाची बिले हे सर्व माझ्याकडे असते. बायोडेटात हे लिहावे का, की पोरकटपणा वाटेल?

उत्तर : पुण्यात नोकरी करणारा टिळकवाडीकर

तुझ्या मित्रांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो, आणि वयाने फार मोठा नसल्याने एकेरीत लिहितो.

त्यांना टाळू नकोस. ‘काय ठरलं?’ असे विचारतात तेव्हा बहुतेकांना बोलायला विषय हवा असतो, हिशेब मागायचा नसतो. ‘अजून काही नाही, अकाउंट्सचं काम शोधतोय, कुठे कळलं तर सांग’ एवढे एक वाक्य तयार ठेव. आमच्या कंपूतल्या एकाला पहिली नोकरी अशीच लागली : मैदानाच्या कट्ट्यावर बोलणे झाले, ते एका मित्राच्या मामांच्या कानावर गेले, आणि त्यांनी त्याला मच्छेला बोलावून घेतले. काकांनी वर जे तोंडी शिफारशीचे लिहिले आहे, ती तोंडे तुझ्या मित्रांच्या घरांतच आहेत.

पण केवळ कामासाठी भेट असे मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी कोणाला रजा मिळेल, कोणाला मिळणार नाही. आमच्यापैकी एक मुंबईला, एक बंगळुरूला, मी येथे पुण्यात. शिवजयंतीच्या मिरवणुकीला सगळे एकत्र येऊ असे दरवर्षी ठरते आणि कोणीतरी राहतेच. आपली शिवजयंती तिथीने, वैशाख शुद्ध द्वितीयेला असते; ती दर वर्षी वेगळ्या वाराला येते आणि पुण्यातल्या साहेबाला ती रजा समजावून सांगता येत नाही. तुला ही मंडळी आज सायकलच्या अंतरावर आहेत. दिवसभर कामाच्या शोधात फिरून संध्याकाळी तासभर मित्रांत बसलास, तर वडील काही म्हणतील असे मला वाटत नाही. त्यांना आधी सांगून जा, म्हणजे मनावरचे ओझे उतरेल.

पुण्याला यायचेच ठरले तर मुलाखती लागल्यावर ये. कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरती, जागा मिळते, पण अनामत रक्कम आणि महिन्याची खानावळ धरली तर पगार नसताना खर्च भारी पडतो. मुलाखतीपुरते मावसभावाकडे राहता येईल.

उत्तर : उद्यमबागेतील लेखापाल

मंडळाचा जमाखर्च अवश्य लिहा. ‘सामाजिक कार्याची आवड’ असे मोघम न लिहिता किती पावतीपुस्तके हाताळली, जमा-खर्च कोणासमोर मांडला आणि शिल्लक जुळली का, हे दोन ओळींत लिहा. अध्यक्षांची परवानगी घेऊन यंदाच्या जमाखर्चाची एक प्रत बरोबर ठेवा. देणगीदारांची नावे झाकून दाखवलीत तरी चालेल. मला तेवढ्यावरून तुमचा हात कळतो. बायोडेटा इंग्रजीत करा आणि त्यात कन्नड बोलता, वाचता येते हे न विसरता नमूद करा.