जॉन के : मासे धरायला आलेला साहेब?

मुक्काम_ठाणे :
काल पेठकरांनी इथे लिहिलं की भारतावर इंग्रजीत पुस्तकं लिहिणारा जॉन के हा काही इतिहासकार नव्हे. काश्मिरात ट्राउट मासे धरायला आलेला साहेब, सुट्टी लांबली त्यातून पुस्तकं झाली, आणि आपण इंग्रजी कव्हर दिसलं की माना डोलावतो. खाली टाळ्या वाजवणारेही भरपूर! दुर्लक्ष करणार होते, पण रात्रभर डोक्यात भुणभुण चालू राहिली.

मासे धरायला आला हे खरं, 1965 साली. पुढचं का गाळलंत? पुढच्या खेपेला तो महिनोन् महिने राहिला, ‘इकॉनॉमिस्ट’साठी लिहू लागला आणि 1973 मध्ये पहिलं पुस्तक आलं, ‘इन्टू इंडिया’. मग पश्चिम हिमालयातल्या भटक्या साहेबांवर दोन, ईस्ट इंडिया कंपनीवर जाडजूड ग्रंथ, मधल्या काळात बीबीसी रेडिओसाठी माहितीपट. विद्यापीठाचा पगार नाही, पेन्शन नाही. जन्मभर लेखणीवर घर चालवणं म्हणजे काय हे मराठीत लिहिणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि त्या भटक्यांतलाच तो गार्डनर! रणजितसिंगांच्या तोफखान्यातला, नखशिखांत चौकटीच्या स्कॉटिश कापडात, पागोटंसुद्धा त्याच कापडाचं. त्याच्या मध्य आशियातल्या प्रवासाला लोक थापा म्हणत आले. के यांनी 1977 मध्ये त्याच्यावर लिहिलं आणि 2017 मध्ये त्याच माणसाचं अख्खं चरित्र. सुट्टीवर आलेला माणूस एका विषयाच्या मागे असा चाळीस वर्षं लागतो होय?

पेठकर :
ताई, प्राध्यापकी नसणं हा गुण कधीपासून झाला? राजवाड्यांकडेही नव्हती. पण ते दप्तरं हुडकत गावोगाव फिरले, साधनांचे 22 खंड काढले. तुमच्या केसाहेबांनी मोडीचं एक पान तरी लावलं असेल का? ‘इंडिया : अ हिस्टरी’ची अनुक्रमणिका काढून बघा. मौर्य आहेत, गुप्त आहेत, सुलतान आहेत, मुघलांना तर दोन प्रकरणं. मराठे कुठे? ‘ताज ते राज’ अशा प्रकरणात कोंबलेत. ताज आणि राज यांच्या मधली भरती म्हणजे आपण!

मुक्काम_ठाणे :
सिंधू संस्कृतीपासून आजपर्यंत एका खंडात आणायचं म्हणजे कुणाचं तरी पान कापणारच. विजयनगरलाही वेगळं प्रकरण नाही. कन्नड माणसं रडत बसलीत का?

पेठकर :
बसली असतील. मला कन्नड येत नाही. तुमच्या साहेबालाही येत नसावी.

जुना_भूकरमापक :
इतिहासातलं मला कळत नाही, पण ‘द ग्रेट आर्क’, म्हणजे इंग्रजांनी हिंदुस्थान मोजला त्यावरचं के यांचं पुस्तक, मी पेन्सिल घेऊन वाचलंय. माझी नोकरी मोजणी खात्यात गेली. 1802 च्या एप्रिलमध्ये ती मोजणी सुरू करणाऱ्या लॅम्बटनने मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा, म्हणजे पुढची सगळी मोजणी जिच्यावर उभी राहते ती पहिली रेघ, मोजायला घेतली. पोलादी साखळी लाकडी पेट्यांमध्ये ठेवून, वर तंबूची सावली धरून, शेजारी थर्मामीटर लावून. का, तर उन्हात पोलाद वाढतं. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. आमच्याकडे भर उन्हात साखळी ओढायची आणि वर शेतकऱ्याने म्हणायचं, ‘रावसाहेब, शेजाऱ्याला फितूर झालात.’ आता रोव्हर आलाय, उपग्रहावरून मोजतात. भांडणं तीच. माझ्या स्वतःच्या गटाची हद्द अजून कायम झालेली नाही, शेजारी दर पावसाळ्यात बांध कोरतो. मोजणीचे पैसे भरून बसलोय.

असो. तंजावरला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं. लॅम्बटन स्वतःला कोंडून घेऊन हाताने ते ठोकत बसला. हे असं लिहायला यंत्र कळावं लागतं, पेठकर. मोडी कामाची नाही तिथे.

माहेर_हिंगणघाट :
तो लॅम्बटन आमच्या हिंगणघाटला वारला, 20 जानेवारी 1823. नागपूरकडे निघाला होता, वाटेतच गेला. कबरही तिथेच आहे. माझी शाळा त्याच गावात झाली, पण एकाही मास्तरांनी नाव काढलं नाही. आम्हाला शनिवारवाड्याचे दरवाजे मात्र नावानिशी पाठ! विदर्भात काही घडलं तर ते सांगायला साहेबच यावा लागतो, हे पुण्याच्या लोकांनी आधी बघावं आणि मग मराठ्यांना किती पानं दिली ते मोजावं.

पेठकर :
यात पुणं कुठून आलं?

माहेर_हिंगणघाट :
नेहमीच येतं. आम्ही आणत नाही.

मध्यमा :
कबरीचं राहू द्या. त्याच सर्व्हेतल्या राधानाथ शिकदारांचं काय? 1831 मध्ये आकडेमोडीच्या कामावर लागलेला बंगाली पोरगा. पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची आकडेमोड त्याची आणि 1865 मध्ये नाव लागलं ते सर्व्हेचा जुना प्रमुख जॉर्ज एव्हरेस्टचं, जो 1843 मध्येच घरी गेला होता! त्याच 1843 साली देहरादूनच्या मॅजिस्ट्रेटने सर्व्हेच्या मजुरांना वेठीला धरलं म्हणून शिकदार आडवे आले, तर दंड यांनाच, 200 रुपये. यावर चरित्र लिहा ना. पण नाही, साहेबाला साहेबच दिसतो.

मुक्काम_ठाणे :
पुस्तकात शिकदार आहेत. एव्हरेस्टला स्वतःला ते नाव नको होतं, हेही आहे.

मध्यमा :
आहेत म्हणजे किती? लग्नाच्या फोटोत कडेला उभा राहिलेला मामा असतो, तितके. तेव्हाच्या बऱ्याच लढायांपेक्षा या मोजणीत जास्त माणसं मेली, असं के स्वतः म्हणतात. त्यांतल्या खलाशांची, म्हणजे मोजणीच्या मजुरांची, नावं सांगा. एक सांगा.

जुना_भूकरमापक :
नावं मिळणार कुठून? हजेरीपटावरचा माणूस अहवालात येत नाही. आमच्या खात्यात आजही मोजणीच्या नकाशावर सही साहेबाची आणि झेंडी धरून उभा राहिलेला शिपाई कुठेच नाही. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात एव्हरेस्टची छावणी तापाने आडवी झाली, ती पानं पुन्हा वाचा. पालख्या, डोल्या, उचलायलाही माणूस उरला नाही. मेलेल्यांची किंमत लेखकाला कळली नसती तर हे लिहिलंच नसतं.

मध्यमा :
काका, तुम्ही भावनेने बोलताय.

जुना_भूकरमापक :
आणि तुम्ही काय गणिताने बोलताय? शिकदार धावत जाऊन ‘साहेब, सर्वांत उंच शिखर सापडलं’ म्हणाले, ती गोष्ट आता तुम्ही टाकणारच होतात. टाकू नका. ते तेव्हा कलकत्त्याच्या कचेरीत होते. एकेका शिखराची निरीक्षणं वेगवेगळ्या ठिकाणांहून, हवेत किरण वाकतो त्याची दुरुस्ती, वर्षानुवर्षांची बेरीज-वजाबाकी. एव्हरेस्टनंतरचा प्रमुख वॉ, त्याने 29,002 फूट जाहीर केलं तेच 1856 मध्ये. असं काम एका माणसाचं नसतं, शिकदारांचंही नाही. अन्याय झाला नाही असं मी म्हणत नाही, उगाच अंगावर येऊ नका.

मध्यमा :
टाकणार नव्हते. (बरं, टाकणार होते.)

पेठकर :
मूळ मुद्द्यावर येऊ. समजा, ‘ग्रेट आर्क’ चांगलं आहे. समजा! कंपनीवरचंही मी अर्धं वाचलंय, भाषा झकास आहे. पण ऑक्सफर्डचं शिक्षण, लंडनचा प्रकाशक, इंग्रजीचा जगभर वाचक. एवढं असल्यावर कुणीही जन्मभर लिहील. आपल्याकडे भटकून लिहिणारा हवा तर गोडसे भटजी बघा. 1857 मध्ये वरसईहून निघाला, बंडाच्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडला. आणि ‘माझा प्रवास’ छापलं कधी? 1907 मध्ये. तोवर लेखक गेलेला.

मुक्काम_ठाणे :
म्हणजे तुमचं भांडण के यांच्याशी नाहीच, मराठी प्रकाशकांशी आहे. हे काल लिहिलं असतंत तर मी झोपले असते.

पेठकर :
दोघांशी आहे. मला वेळ आहे.

माहेर_हिंगणघाट :
दिवाळीत माहेरी जातेय, कबरीचे फोटो टाकीन. पुण्याहून कुणी येणार असेल तर स्टेशनवर घ्यायला येते. बघू कोण येतं.