इंग्रजीत प्रश्न विचारताना 'डू', 'डझ', 'डिड' कुठे लावावे?

माडबाग, तारकर्ली
आमच्या घरी न्याहारी-निवासाची सोय असून हंगामात परप्रांतीय आणि क्वचित परदेशी पाहुणेही येतात. शिक्षण मराठी माध्यमात झाल्याने वाचलेले इंग्रजी बऱ्यापैकी समजते. परंतु काही विचारायचे झाले, की 'यू वॉन्ट टी?' याच्या पुढे गाडी सरकत नाही. 'डू', 'डझ', 'डिड' नेमके कुठे लावायचे आणि सरावाला आधी व्याकरण घ्यावे की शब्द, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त मास्तर, देवगड
ताई, सुरुवात प्रश्नांपासूनच करावी. मराठीत सरळ वाक्याच्या शेवटी 'का' जोडले की काम भागते; इंग्रजीत मात्र साध्या वर्तमानकाळात 'डू' किंवा 'डझ' आणि साध्या भूतकाळात 'डिड' कर्त्याच्या आधी येते, आणि काळाचा व पुरुषाचा भार त्यानेच उचलल्यामुळे मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. म्हणून 'ही ईट्स फिश' याचा प्रश्न 'डझ ही ईट फिश?' असा होतो आणि 'दे वेंट टू द फोर्ट' याचा 'डिड दे गो टू द फोर्ट?' असा. नकारालाही हाच नियम आहे: 'ही डझन्ट ईट फिश'. वाक्यात 'ॲम', 'इज' किंवा 'आर' हेच मुख्य क्रियापद असेल, तर 'डू' लागत नाही. 'आर यू हंग्री?' एवढे पुरे.

रोज एकच क्रियापद घ्यावे आणि त्याची होकारार्थी, नकारार्थी व प्रश्नार्थी वाक्ये मोठ्याने म्हणावीत. काळांची कोष्टके घोकण्यात, माझ्या मते, फारसा अर्थ नाही.

होडीवाला, मालवण
मास्तरांचे म्हणणे रास्त आहे, पण शब्दही हवेतच. पाहुणे भरती-ओहोटीची वेळ विचारतात, ताटातला मासा कोणता ते विचारतात. तेव्हा 'हाय टाइड', 'लो टाइड', सुरमईला 'किंगफिश', बांगड्याला 'मॅकरेल' हे तोंडावर असावे लागते. सुटे शब्द ऐन वेळी आठवत नाहीत, म्हणून ते वाक्यातच बसवावेत. घड्याळाच्या वेळेला 'ॲट', वाराला 'ऑन' आणि महिन्याला 'इन' लागते: 'द बोट लीव्ह्ज ॲट नाइन', 'ऑन संडे', 'इन मे'.

खाडीकाठ, वेंगुर्ले
'डू यू वॉन्ट टी?' व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; तरीही पाहुण्यांशी बोलताना 'वुड यू लाइक सम टी?' अधिक अदबीचे वाटते. शिवाय 'वुड' कर्त्याप्रमाणे बदलत नाही, ही नवशिक्यांची मोठीच सोय.

माडबाग, तारकर्ली
सर्वांचे आभार. मग सकाळी 'डिड यू हॅड ब्रेकफास्ट?' असे विचारले तर चालेल का?

निवृत्त मास्तर, देवगड
नाही, भूतकाळ 'डिड'ने आधीच घेतला आहे, म्हणून 'डिड यू हॅव ब्रेकफास्ट?' असे विचारावे. 'हॅव यू हॅड ब्रेकफास्ट?' हेही कानावर पडेल आणि तेही शुद्धच आहे, पण तो पूर्ण वर्तमानकाळ झाला. 'डिड' जिभेवर बसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये.