मदत हवी आहे: स्क्रीन काळी, ऑप्टिकल केबल गेली म्हणतात, सगळं युनिट बदलायचं का?

निशिगंध
तीन आठवडे झाले, गाडीत गाणी नाहीत, ब्लूटूथ नाही. स्क्रीनवर चिन्ह येतं, जातं, परत येतं. बाकी गाडी उत्तम चालते. आज तिसऱ्या गॅरेजात सांगितलं, आतली ऑप्टिकल लाइन गेली, सगळं युनिट बदला, एक लाख चाळीस हजार. फ्यूज तपासलेत, ते सांगू नका. शनिवारी आईला घेऊन नाशिकहून कोल्हापूरला जायचंय. कृपया लवकर सांगा.

कॅलिपर
गाडी कोणती? साल? कंपनीचा अँप्लिफायर आहे का? स्कॅनमध्ये नेमका काय फॉल्ट आला? यातलं एकही लिहिलेलं नाही.

डोंबिवलीकर
सरळ अँड्रॉइड स्क्रीन टाका. मी अठरा हजारांत टाकली, मॅप, कॅमेरा, सगळं आलं. दोन तासांत काम झालं. लाखाच्या वर घालवू नका.

कॅलिपर
डोंबिवलीकर, तुमच्या गाडीत स्पीकरला साध्या तारा असतील. यांच्यात आवाज उजेडातून जातो. बाहेरच्या स्क्रीनला ती भाषा येत नाही, मध्ये वेगळा कन्व्हर्टर लागतो. नाहीतर स्क्रीन चालेल आणि अँप्लिफायर मुका राहील.

डोंबिवलीकर
दुकानदार सगळं जोडून देतो. उगाच घाबरवू नका त्यांना.

निशिगंध
जर्मन सेडान, २०१०, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अँप्लिफायर डिकीत डाव्या बाजूला. स्कॅनला ‘रिंग ब्रेक’ असं काहीतरी होतं, कागद गॅरेजातच राहिला.

फायबरवाला
मी घरोघरी ब्रॉडबँडच्या लाइनी जोडतो. फायबर तुटलं तर स्प्लाइस मशीनवर पाच मिनिटांचं काम. तुमच्याकडच्या केबलवाल्याला बोलवा, पाचशे रुपयांत होईल.

इसारकाठ
फायबरवाला, कृपया असं सांगू नका, नुकसान होईल. मी म्युनिकमध्ये गाड्यांच्या वायरिंगचंच काम करते. तुमच्या लाइनीत काच असते, गाभा केसाहून बारीक. गाडीतली ही तार प्लास्टिकची, जवळपास १ मिलिमीटर जाड, आणि त्यातून लाल उजेड जातो. तुमच्या मशीनच्या ठिणगीने ती वितळेल.

निशिगंध, या जाळ्याला मोस्ट म्हणतात. बीएमडब्ल्यूच्या २००१ च्या सात सिरीजमध्ये ते पहिल्यांदा आलं. सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट, पुढे १५० पर्यंत गेला. इंजिनाच्या विजेची खरखर उजेडाला लागत नाही आणि तांब्यापेक्षा वजन कमी, म्हणून ही तार. रचना गोल असते: स्क्रीन, रेडिओ, अँप्लिफायर, फोनचं युनिट, प्रत्येक जण मागच्याकडून उजेड घेतो आणि पुढच्याला नव्याने देतो. एक जण बसला की सगळेच गप्प. म्हणजे तुमची स्क्रीन कदाचित ठणठणीत असेल. बदलायची घाई करू नका.

हे सुरू होण्याआधी गाडीत काय काम झालं होतं?

निशिगंध
काहीच नाही. सीटकव्हर आणि दारांना, फ्लोअरला डँपिंग शीट (आवाज, थरथर कमी करणारी) लावली, पण ते आदल्या महिन्यात. त्याचा काय संबंध?

कॅलिपर
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं! फ्लोअर उघडला म्हणजे पायरीखालची पट्टी काढली. ती तार तिथूनच मागे जाते.

सातारारोड
पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करून बघा. माझ्या गाडीत त्यानेच गाणी लागायला लागली.

इसारकाठ
कॅलिपर बरोबर बोलतायत. या तारेला २५ मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण चालत नाही. करकचून दुमडली की उजेड कडेने बाहेर पडतो. आधी कमी पडतो, मग एक दिवस पुरतच नाही. म्हणून महिना गेला असेल.

इग्निशन चालू ठेवून अँप्लिफायरचा जोड काढा. दोन टोकांपैकी येणाऱ्या टोकाला लाल उजेड दिसतो का पाहा, जोडावर बाण असतात. दिसला तर अँप्लिफायरवर संशय. तो वगळायला छोटा लूप मिळतो, तिथे लावला की स्क्रीन परत येते, फक्त आवाज नसतो. टोकाला बोट लावू नका, तेलकट डागही उजेड खातो.

निशिगंध
आत्ता पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन बसलोय. अँप्लिफायरकडे येणाऱ्या टोकाला उजेड नाही, पूर्ण काळं. मागच्या डाव्या दाराची पायरी उघडली. तार शीटच्या काठाखाली चक्क काटकोनात दुमडलेली, वरून पट्टीचा क्लिप दाबून बसवलाय. सोडवली तर तिथे चपटी झालेली. हलकेच सरळ केली, तरी अजून काळंच. खूप वाईट वाटलं. तिथे कात्रीने कापून जोडू का?

इसारकाठ
नको, नको. कात्रीने टोक खरबरीत होतं, उजेड विखुरतो. टेपने जोडून तर अजिबात चालत नाही. या तारेचा कटर वेगळा असतो, टोक आरशासारखं सपाट हवं. तेवढा तुकडा, दोन्ही टोकांना जोड बसवलेला, नवा टाकून घ्या.

कॅलिपर
पुण्यात माझ्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो कटर आहे. मी स्वतः त्याच्याकडून एक काम करून घेतलंय. पत्ता व्यनि (खासगी निरोप) केलाय.

डोंबिवलीकर
बघा, युनिट नाहीच गेलं. पण अँड्रॉइड स्क्रीनचा विचार करून ठेवा, पुढे लागेल.

निशिगंध
व्यनि मिळाला, त्यांच्याशी बोलणं झालं. शुक्रवारी सकाळी सहाला निघतो. तार आता कुठेही न दाबता मोठा वळसा देऊन मोकळी सोडलीय, त्यावर पायरीची पट्टी बसवलेली नाही. आईला पाय जपून टाकायला सांगतो.