जैववैद्यकीय मानवशास्त्रात एम.एस. केल्यावर पुढे काय?

प्रश्न : प्राणिशास्त्र पदवीधर, चंद्रपूर
मी बी.एस्सी. पूर्ण केले असून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिरांत स्वयंसेवक म्हणून काम करते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात जैववैद्यकीय मानवशास्त्राचा, म्हणजे आरोग्य आणि आजारांकडे जीवशास्त्र व समाज या दोन्ही अंगांनी पाहणाऱ्या विषयाचा, एम.एस. अभ्यासक्रम आहे. तो करावा, की इथेच मानवशास्त्रात एम.एस्सी. किंवा एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करावे? या पदवीवर नोकरी कोणत्या पदाची मिळते?

उत्तर : आरोग्य संशोधक, पुणे
या विषयाच्या नावाने आपल्याकडे जाहिराती क्वचितच निघतात. पदे असतात ती संशोधन सहायक, क्षेत्र समन्वयक किंवा विदा (डेटा) विश्लेषक अशी. विषयाचे मोल मात्र मोठे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ साली जवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्पटनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. पण इतक्या लहानखुऱ्या बाळांच्याही पाठीवरची त्वचेखालील चरबी बरीचशी टिकून होती, म्हणजे वजनाच्या मानाने चरबी जास्त होती, आणि भारतीयांत मधुमेह लवकर का जडतो या प्रश्नाकडे पाहण्याची दिशाच त्यामुळे बदलली. नुसत्या वजनकाट्यावर हे उमगले नसते. त्यासाठी कॅलिपरने त्वचेची घडी अचूक मोजणारी माणसे लागली. म्हणून पदवी कुठलीही घ्या, मानवमिती (शरीराची मापे घेण्याचे शास्त्र) आणि संख्याशास्त्र पक्के करा.

उत्तर : न्यू जर्सीहून
इकडे अमेरिकेत अनेक विद्यार्थी ही पदवी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशापूर्वीची तयारी म्हणून घेतात. परदेशी विद्यार्थ्यांना तो प्रवेश फार कठीण असतो, आणि केवळ या पदवीने रुग्णांवर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. एम.एस.साठी अर्थसाहाय्यही पीएच.डी.च्या तुलनेत कमीच मिळते. कर्ज काढूनच यावे लागणार असेल, तर मी येऊ नका असेच म्हणेन.

उत्तर : आरोग्य संशोधक, पुणे
सिकलसेलमध्येच राहायचे असेल, तर आधी इथे मानवशास्त्र करावे, असे माझे मत आहे. वाहकांना, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक मिळालेल्यांना, फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून संरक्षण मिळते, त्यामुळे मलेरियाग्रस्त पट्ट्यांत हे जनुक टिकले, इतके जीवशास्त्र आपल्याला ठाऊक असेलच. परंतु १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतून हाती पडलेले तपासणीच्या निकालाचे कार्ड मुलीच्या लग्नाच्या बोलणीत दाखवले जाते की लपवले जाते, हे रक्ततपासणीतून कळणार नाही; त्यासाठी मानवशास्त्र लागते. पुणे आणि दिल्ली या दोन्ही विद्यापीठांत मानवशास्त्राचे विभाग आहेत. तिथे सिकलसेलवर प्रबंधिका करता येईल का, हे अर्ज भरण्यापूर्वीच विचारून घ्या.