मदत हवी आहे : सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी दत्तक पालक कसे शोधावेत?

मी फिजिओथेरपिस्ट असून एका शिशुगृहातील मुलांना नियमित व्यायाम देते. तेथील पाच-सहा वर्षांच्या एका मुलाला बालकल्याण समितीने दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित केले आहे आणि 'कारा'च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) 'केअरिंग्ज' या दत्तक नोंदणीच्या पोर्टलवर त्याची नोंदही आहे. परंतु आजवर एकाही कुटुंबाने त्याच्याविषयी विचारणा केलेली नाही. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही, त्यामुळे नाव, गाव किंवा छायाचित्र कृपया मागू नये.

त्याच्या वैद्यकीय अहवालात 'स्पास्टिक डायप्लेजिया' (मुख्यतः पाय ताठर करणारा सेरेब्रल पाल्सीचा प्रकार) असे लिहिलेले आहे आणि बहुतेक पालक तेवढे वाचूनच थांबत असावेत, असा माझा अंदाज आहे. प्रत्यक्षात त्याचे दोन्ही पाय ताठर आहेत, स्प्लिंट आणि वॉकरच्या आधाराने तो चालतो, हातांनी जेवतो आणि वाद घालण्यात तर मोठ्यांनाही हार जात नाही. सेरेब्रल पाल्सीला कारणीभूत असलेली मेंदूची इजा वाढत जाणारी नाही. मात्र उंची वाढेल तसे स्नायू आखडतात, म्हणून व्यायाम अनेक वर्षे चालू ठेवावा लागेल, स्प्लिंट बदलत राहावे लागतील आणि पुढे शस्त्रक्रियेचीही गरज पडू शकते. पालक मिळावेत म्हणून यातील काही झाकून ठेवणे मला मान्य नाही, कारण घरी नेलेले मूल 'झेपत नाही' म्हणून परत आणले गेले, तर त्या मुलावर होणारा आघात कोणत्याही व्यायामाने भरून निघणारा नाही.

विशेष गरजा असलेली मुले दत्तक घेण्यासाठी नोंदणीकृत पालकांना प्रतीक्षायादीत आपला क्रम येईपर्यंत थांबावे लागत नाही. ज्यांना आधीच दोन किंवा अधिक अपत्ये आहेत, त्या दांपत्यांनाही अशा मुलांसाठी अर्ज करता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. या मुलाच्या वयोगटासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज १०० पर्यंत आणि एकल पालकाचे वय ५० पर्यंत चालते. परदेशी कुटुंबे अशा मुलांना स्वीकारतात याचा मला आनंदच आहे, पण मराठीत हुज्जत घालणाऱ्या या मुलाचा महाराष्ट्रातील कुणी विचारही करू नये, याचे वाईट वाटते.

ज्यांनी विशेष गरजा असलेले मूल दत्तक घेतले आहे, त्यांना माझे काही प्रश्न आहेत. होकार देण्यापूर्वी वैद्यकीय अहवाल तुम्ही स्वतःच्या डॉक्टरांना दाखवला होता का, आणि त्यांच्या कोणत्या उत्तरामुळे निर्णय घेणे सोपे झाले? घरातील आजी-आजोबांची समजूत कशी घातली? (माझ्या पाहण्यात पती-पत्नींपेक्षा त्यांच्याच शंका अधिक असतात.) जवळच्या साध्या शाळेने प्रवेश देताना अडवणूक केली का? सेरेब्रल पाल्सीसाठी निरामया योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. त्यातून थेरपीच्या खर्चाची भरपाई प्रत्यक्षात कितपत मिळते?

दत्तक क्षेत्रातील समाजसेवकांकडून हे जाणून घ्यायचे आहे की मुलाची ओळख न उघडता, नियमांच्या चौकटीत राहून, इच्छुक कुटुंबांपर्यंत अशी सविस्तर माहिती कशी पोहोचवता येईल. दत्तक पालकांच्या मेळाव्यात सेरेब्रल पाल्सीविषयी सर्वसाधारण व्याख्यान देण्याची माझी तयारी आहे. पण त्याचा उपयोग होतो का, की पालक केवळ ऐकून निघून जातात?

'आमच्या ओळखीचे एक जोडपे त्याला थेट घेऊन जाईल' अशा सूचना कृपया करू नयेत. कायदेशीर प्रक्रिया टाळून मूल देणे किंवा घेणे हा बालन्याय कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे. ज्यांची नोंदणी झालेली आहे, त्यांनी आपला गृह अभ्यास अहवाल (इच्छुक पालकांच्या घराची व परिस्थितीची पाहणी) तयार करणाऱ्या संस्थेच्या समाजसेवकांशीच बोलावे.